जे जमतं तिथेच सांभाळा : गोव्यातल्या मराठी मंडळीत नव्याने सेवेला लागणाऱ्यांसाठी

गोव्यात मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे आपलं चर्च, हे बऱ्याचदा कोणाच्या तरी घराचा हॉल, नाहीतर भाड्याने घेतलेली एखादी खोली. वास्को असो, फोंडा असो, म्हापसा असो. कोल्हापूर-सांगलीकडून नोकरीला आलेली कुटुंबं, सिंधुदुर्गातली, बेळगावची, आणि घरी कोकणी बोलत असले तरी वाचन-लेखन मराठीत करणारे इथलेच काही. माणसं थोडी, कामं पुष्कळ. त्यामुळे नव्या माणसाच्या हाती सेवा फार लवकर येते. आवाज बरा आहे, मग गाणी तू घे. बोलता येतं, मग पुढच्या रविवारी साक्ष दे, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांग. शाळेत शिकवतेस ना, मग संडे स्कूल तुझंच.

मंडळीची अडचण मला कळते, पण या पद्धतीत एक खोट आहे. माणसाला जे आधीपासून जमतं तेच त्याला दिलं जातं, आणि जे जमतं ते करायला प्रार्थना लागतेच असं नाही. जे जमत नाही तिथे आपण आपोआप गुडघ्यावर येतो. ज्याला चारचौघांत बोलायची भीती वाटते तो संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, आदल्या रात्री देवाचा पदर सोडत नाही. बोलक्या माणसाला ती रात्र शांत झोप लागते. म्हणून पुढे जे सांगतोय ते जास्त करून हुशार, गोड गळ्याच्या, हजरजबाबी नवख्यांसाठी आहे. बाकीच्यांनीही वाचावं, प्रत्येकाला काहीतरी जमतंच.

पहिलं काम : एक यादी

कागद घ्या आणि वर प्रश्न लिहा : प्रार्थना न करताही मला व्यवस्थित करता येईल असं काय काय आहे? गाणं, बोलणं, लोकांना हसवणं, हिशेब ठेवणं, पोरांना गप्प बसवणं, मोबाइलवर पोस्टर बनवणं. खरं लिहा, नम्रपणा दाखवू नका. ही तुमची धोक्याची यादी आहे.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, माणसं आपल्या कमजोर जागी पडली, तशी आपल्या मजबूत जागीही पडली. मोशे पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र होता असं गणना या पुस्तकाचा १२वा अध्याय सांगतो. आणि गणना २० मध्ये खडकापाशी त्याचाच संताप अनावर झाला. शलमोन ज्ञानासाठी प्रसिद्ध, आणि म्हातारपणी मूर्खासारखा वागला. येशूचा शिष्य पेत्र धीट होता. अंगणातल्या एका दासीपुढे तो येशूला ओळखत नाही म्हणाला, आणि धीटपणा संपला. शमशोनाची गोष्ट तर अंगावर काटा आणते : त्याचं बळ न कापलेल्या केसांशी जोडलेलं होतं, आणि ते कापले गेल्यावरही तो नेहमीसारखं अंग झटकून उठला, परमेश्वर आपल्याला सोडून गेलाय हे त्याच्या लक्षातही आलं नाही. कौशल्याचं असंच असतं. आतलं आटलं तरी ते बराच काळ चालू राहतं, आणि बाहेरच्यांना फरक कळत नाही.

यादी झाली की लूक ५ वाचा. तारवं आणि जाळी हा पेत्राचा धंदा. रात्रभर काही मिळालं नव्हतं, जाळी धुवायला घेतली होती, आणि सुतारकाम केलेला एक गुरू त्याला मासे कुठे मिळतील ते सांगतो. बायण्याच्या किंवा बेतुलच्या एखाद्या रापणकाराला कोणी बाहेरच्याने असं सांगून पाहा, काय ऐकायला मिळेल! पेत्रानेही आधी कुरकुर केली, मग जाळं टाकलं. ज्या विषयातलं आपल्याला सगळं कळतं त्याच विषयात त्याने ऐकलं. तुमच्या यादीतल्या प्रत्येक ओळीला हाच प्रश्न लावा : इथे मी कोणाचं ऐकतो का?

तयारी टाळू नका

एक गैरसमज इथेच मोडून काढू, कारण नव्या उत्साहात तो पटकन चिकटतो. ‘मी तयारी करत नाही, पवित्र आत्मा सांगेल ते बोलतो’ असं म्हणणारे भेटतील. त्यातल्या बऱ्याच जणांना आत्मा दर रविवारी तेच तेच कसं सांगतो हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

‘बलाने नव्हे, पराक्रमाने नव्हे तर माझ्या आत्म्याने’ हे जखऱ्या ४ मधलं वचन आपण भिंतीवर लावतो. ते कोणाला सांगितलं होतं ते पाहा. जरुब्बाबेल उपदेशक नव्हता, यहूदाचा अधिकारी होता. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांना घेऊन पडलेलं मंदिर पुन्हा बांधत होता. दगड, लाकूड, मजूर, वरून सरकारी अडथळे. त्याच अध्यायात थोडं पुढे त्याच्या हातात ओळंबा आहे. आत्म्याचं वचन आणि गवंड्याचा ओळंबा एकाच पानावर! बांधकाम दारयावेशाच्या सहाव्या वर्षी पुरं झालं असं एज्रा सांगतो. भिंत सरळ आहे की नाही हे जरुब्बाबेलाने बघायचंच होतं. काम मात्र त्याच्या हुशारीवर उभं नव्हतं. निर्गम ३१ मधला बसालेलही तसाच. आत्म्याने भरलेला म्हणून ज्याचं नाव येतं तो सोन्या-चांदीचा, लाकडाचा कारागीर.

तेव्हा तयारी पुरेपूर करा. फक्त क्रम बदला : आधी प्रार्थना, मग तयारी. आपण बहुतेक उलट करतो. सगळं ठरवून, छापून, सेट करून झालं की शेवटी डोळे मिटून ‘प्रभू, आशीर्वाद दे’. तोवर बदलण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

सुरुवातीचे महिने, माइकशिवाय

माझा सल्ला अनेकांना आवडत नाही : पहिले पाच-सहा महिने माइक घेऊ नका. पाळकांनी दिला तरी नम्रपणे सांगा, थोडं थांबतो. त्याऐवजी मागितल्याशिवाय मिळतं ते काम घ्या. सतरंज्या अंथरणं. पावसाळ्यात दाराशी छत्र्या आणि चपलांची सोय बघणं. रविवारी कदंबा बस कमी असतात, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना दुचाकीवरून आणणं-सोडणं. जेवण असेल त्या दिवशी भांडी.

प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये जेवणाच्या पंगतीची व्यवस्था बघायला सात माणसं हवी होती. अट होती ती आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असण्याची. अन्न वाटायला एवढं कशाला, असं वाटतं खरं. पण तिथे विधवांमध्ये भाषेवरून भेद होतोय अशी तक्रार होती, आणि असल्या तक्रारी नुसत्या व्यवस्थापनाने मिटत नाहीत. आपल्याकडेही घाटावरचे-कोकणातले-गोंयकार अशा रेघा स्वयंपाकघरात आधी दिसतात, उपासनेत नंतर.

या काळात टाळ्या मिळत नाहीत. तरीही आनंद होतोय की चिडचिड होतेय, हे तुम्हाला तुमच्याबद्दल जे सांगेल ते कुठल्याही शिबिरात शिकायला मिळणार नाही.

रोजची वेळ

वेर्ण्याच्या कारखान्यात पाळी बदलते, हॉटेलात असाल तर हंगामात श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून तासाभराची व्रतं घेऊ नका, ती दुसऱ्या आठवड्यात मोडतात आणि मग अपराधी वाटत राहतं. वीस मिनिटं पुरे, पण जागा आणि प्रसंग ठरलेला : पाळीवरून आल्यावर आंघोळीनंतर, किंवा घर जागं होण्याआधी. मोबाइल दुसऱ्या खोलीत. एक स्तोत्र, शुभवर्तमानातला छोटा उतारा, आणि लोकांची नावं. मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे अंधारात एकटा प्रार्थनेला गेला. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं होतं, म्हणजे सेवा जोरात चालली होती. पेत्र शोधत आला, ‘सगळे तुम्हाला शोधताहेत’ म्हणाला, आणि येशू दुसऱ्याच गावांकडे निघाला. मागणी असेल तिथे धावायचं, हा नियम त्याने पाळला नाही.

एकट्याने जमत नसेल तर दोघं-तिघं मिळून करा. पंडिता रमाबाईंचं उदाहरण मराठी माणसाला माहीत असावं. संस्कृतातली त्यांची विद्वत्ता एवढी की कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. अशा बाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जानेवारीत भाषणमाला लावली नाही. मुलींना रोज प्रार्थनेला जमवायला सुरुवात केली. त्याच वर्षी जूनअखेर तिथे जी आध्यात्मिक जागृती झाली तिची बातमी जगभर गेली. आणि विद्वत्ता वाया गेली का? मुळीच नाही. बायबलचं मराठी भाषांतर करण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं घातली, १९२२ मध्ये जाईपर्यंत.

संदेश द्यायची वेळ येते तेव्हा

कधीतरी माइक हातात येईलच. तेव्हा आठवड्याची आखणी साधारण अशी ठेवा. सोमवारी-मंगळवारी उतारा ठरवा आणि त्यावर काहीही शोधू नका; यूट्यूब बंद. उतारा मोठ्याने वाचा, रोज, कामावर जातानाही मनात घोळवा. पहिला प्रश्न : हे वचन मला काय म्हणतंय? याचं उत्तर मिळेपर्यंत ‘लोकांना काय सांगू’ या प्रश्नाकडे वळू नका. बोलक्या माणसाला हे सगळ्यात जड जातं, कारण दहा मिनिटांत त्याच्या डोक्यात तीन मुद्दे तयार असतात.

गुरुवारी लिहायला बसा. एका वाक्यात सांगता येईल असा एकच विषय धरा. मग भाष्यं वाचा, जाणत्यांना विचारा, संदर्भ तपासा. इथे आळस नको. शुक्रवारी खोडायला बसा. जे वाक्य तुम्हाला फार आवडलंय त्याच्याकडे संशयाने बघा : हे ऐकून लोक वचनाकडे वळतील की ‘काय बोलतो!’ म्हणतील? करिंथ हे वक्तृत्वावर जीव टाकणारं शहर होतं, आणि तिथल्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौल म्हणतो, मी तुमच्याकडे आलो तो वक्तृत्वाच्या श्रेष्ठतेने आलो नाही, तर अशक्तपणात, भीतीत आणि पुष्कळ थरथरत. हे लिहिणाऱ्याला लिहिता-बोलता येत नव्हतं असं त्याची पत्रं वाचून कोणी म्हणणार नाही. येत असून त्याने ते पुढे केलं नाही.

भाषेकडे लक्ष द्या. मिरजेहून आलेली आजी आणि डिचोलीतला कोकणी घरातला मुलगा, दोघांना कळेल अशी मराठी बोला. ‘नीतिमान ठरणे’, ‘प्रायश्चित्त’, ‘पवित्रीकरण’ हे शब्द आले की थांबून उलगडा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि ख्रिस्ताची कथा त्याने मराठी ओव्यांत रचली. १६१६ मध्ये ती राचोलला छापली गेली. ऐकणाऱ्याच्या कानाला सवयीचा छंद त्याने शोधला. त्याची बुद्धी अचाट होती, पण ती ऐकणाऱ्याच्या सोयीला जुंपलेली होती. आपण निदान जड शब्द तरी टाळू.

वीस-पंचवीस मिनिटांत संपवा. पौल त्रोवसात मध्यरात्रीपर्यंत बोलला आणि युतुख नावाचा तरुण तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून झोपेत खाली पडून मेला. पौलाला त्याला उठवता आलं. आपली खात्री नाही.

संदेशानंतर लगेच निघू नका. ज्यांना प्रार्थना हवी आहे त्यांच्याजवळ बसा, आणि तिथे दुसरा संदेश देऊ नका. ऐका.

गाणाऱ्यांसाठी थोडं

गोव्यात संगीताची कमी नाही. पूर्वी चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत, ती परंपरा घराघरांत झिरपलीय. मराठी बाजूला भजनाचा, नाटकाचा वारसा आहे. त्यामुळे आपल्या मंडळीतही कीबोर्ड, ढोलकी वाजवणारा पोरगा सहज सापडतो आणि त्याला प्रार्थनेशिवायच वादकांत बसवलं जातं. तुम्ही तो पोरगा असाल तर : सूर बायकांना आणि म्हाताऱ्यांना झेपेल असा धरा, मधले वाद्यांचे तुकडे कमी करा, सराव शनिवारपर्यंत संपवा म्हणजे रविवारी सकाळी वेळ प्रार्थनेला मिळेल. एखाद्या कडव्यात सगळी वाद्यं थांबवून बघा. मंडळी गात राहिली तर ठीक चाललंय. गप्प झाली तर इतके दिवस ती तुम्हाला ऐकत होती.

‘बलाने नव्हे’ याचा गोव्यातला अर्थ

हा भाग बाहेरून आलेल्यांनी नीट वाचावा. इथे ख्रिस्ती सेवेच्या इतिहासात सत्तेचं बळ सामील होतं, आणि शेजाऱ्यांना ते आठवतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत तिसवाडी, साष्टी, बारदेशातली देवळं पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला हलवावा लागला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. फोंड्यात सेवा करणार असाल तर ही देवळं तुमच्या वाटेवरच आहेत. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा आरोप ठेवून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० मध्ये सुरू झालं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं.

फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ ला गोव्यात उतरले. पोपचे प्रतिनिधी असूनही इस्पितळात राहिले, रुग्णांची सेवा केली, घंटी वाजवत रस्त्यांतून मुलांना शिकवणीसाठी गोळा केलं. त्याच झेवियरांनी १५४६ मध्ये राजाला लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन मागितलं. आजारी माणसाशेजारी जमिनीवर झोपणाऱ्यालाही दंडुक्याची मदत हवीशी वाटली. मग आपण कोण?

आपल्या हातात आज राजाचा दंडुका नाही, पण बळाची छोटी रूपं आहेत. शाळेच्या फीची मदत करताना ‘रविवारी या’ म्हणणं. नोकरी लावून देताना. घाबरलेल्या माणसाला शापाची भीती घालणं. शेजारणीच्या घरच्या देवाबद्दल वाईट बोलून आपला मुद्दा मोठा करणं. यातलं काहीही करू नका. मदत करायची तर अट न घालता करा, आणि ती व्यक्ती उपासनेला कधीच आली नाही तरी चालू ठेवा. विचारल्याशिवाय पत्रक कोणाच्या हातात कोंबू नका.

दुसरं टोकही गोव्यातच बघायला मिळतं. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेले जोसेफ वाझ. गोव्यात प्रवचनकार म्हणून त्यांचं नाव झालं होतं. १६८७ मध्ये ते सिलोनला गेले, जिथे डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. गेले ते मजुराच्या वेशात, गळ्यात जपमाळ घालून, ती ओळखून कोणी दार उघडेल या आशेने. उतरल्या-उतरल्या हगवणीने मरता मरता वाचले. कँडीत हेर समजून तुरुंगात टाकलं. प्रवचनपीठ नाही, राजाचा आधार नाही, परवाना नाही. तमिळ आणि सिंहली ते शिकले, म्हणजे कष्टात कसर नव्हती. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा टाकून दिलेल्या रुग्णांची त्यांनी शुश्रूषा केली. १७११ मध्ये तिथेच गेले, आणि १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. तुमची मंडळी संतांना मानणारी नसेल तरी हरकत नाही. एखादा दिवस काढून त्यांच्या वडिलांच्या गावी, सांकवाळला जाऊन या.

इस्पितळात जाताना

बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा इस्पितळ : मंडळीतलं कोणी ना कोणी कायम दाखल असतं. भेटीच्या वेळेतच जा, दोघांनी जा, रुग्णाची आणि नातेवाइकांची परवानगी घेऊन हळू आवाजात छोटी प्रार्थना करा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वॉर्डभर आवाज नको असतो. आणि विश्वासाच्या जोरात ‘गोळ्या बंद करा’ हे शब्द तोंडातून कधीही निघू देऊ नका. इन्सुलिन, रक्तदाबाचं औषध, मानसोपचाराचं औषध, काहीच नाही. पौलाने आपल्या देहातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’. काटा राहिला. हे वचन दुसऱ्याच्या खाटेपाशी फेकायचं नसतं, आपण आधी त्याखाली बसायचं असतं. बरेचदा घरून पेज करून नेणं आणि रात्री सोबतीला थांबणं एवढंच करायचं असतं.

कोणाला तरी तपासू द्या

अपुल्लो मोठा वक्ता, शास्त्रात प्रवीण. इफिसात तो जोरात बोलत होता, पण त्याला अर्धंच ठाऊक होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याने त्याला बाजूला घेतलं आणि नीट समजावलं. त्याने ऐकलं, हे त्याचं मोठेपण. मंडळीतलं असं एखादं वयस्क जोडपं शोधा आणि त्यांना उघड विचारा : काका, मावशी, मी कुठे चुकतोय? उत्तर आलं की स्वतःची बाजू मांडू नका. घरी जा, एक रात्र जाऊ द्या.

काही गोष्टी मात्र विश्वासावर सोडायच्याच नाहीत. दान दोघांनी मोजायचं आणि वहीत लिहायचं. मुलांबरोबर एकट्याने बंद खोलीत बसायचं नाही. परक्या स्त्रीचं किंवा पुरुषाचं दुःख ऐकताना पाळकांच्या घरातलं कोणीतरी जवळपास असू द्या. आध्यात्मिक माणसाला नियम लागत नाहीत असं ज्याला वाटतं त्याच्यापासून मंडळीने सावध राहावं.

स्तुती झाली तर ‘सगळं प्रभूचं’ असं घाईने म्हणून टाकू नका, ते पुष्कळदा अजून थोडी स्तुती मागण्यासाठी असतं. ‘धन्यवाद’ म्हणा आणि विषय बदला. फजिती झाली तर त्याच दिवशी स्पष्टीकरणाचा मेसेज ग्रुपवर टाकू नका. सत्तर शिष्य आनंदाने परत आले, भुतंही आमच्या अधीन होतात म्हणाले, तेव्हा येशूने आनंदाचं कारण दुसरीकडे नेलं : तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत. ते सेवा चांगली झाली तरी तेवढंच असतं आणि फसली तरी तेवढंच.

थकवा

एलिया संदेष्टा कर्मेल डोंगरावर जिंकला आणि पुढच्याच अध्यायात झुडपाखाली मरण मागत बसला. देवदूताने त्याला आधी खायला दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. उपदेश नंतर. झोप न झालेला माणूस स्वतःच्या चिडचिडीला आध्यात्मिक लढाईचं नाव देतो, आणि घरच्यांना ती सोसावी लागते.

महिन्यातून एक रविवार सेवेविना घ्या. त्या दिवशी मागे बसा, दुसऱ्याचा संदेश ऐका, तो तुमच्यापेक्षा कमी चांगला बोलत असेल तर वहीत चुका लिहू नका. गाणी कोण घेईल, किल्ली कोणाकडे राहील, आजींना कोण आणेल हे आदल्या बुधवारी सांगून ठेवा, आणि रविवारी सकाळी फोन करून विचारपूस करू नका.